चित्रकथांची होळी

गेल्या जुलै महिन्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत आमच्या शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं एक पालक येऊन उभे राहिले. त्यांच्या हातांत वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें एक पुस्तक होतें. तें त्यांनीं टेबलावर ठेवलें, उघडलें आणि मधलें एक पान माझ्यापुढें केलें. परदेशांतील एका युद्धाची हकीकत चित्रांतून सांगणारें तें पुस्तक होतें. त्या पानावर उद्ध्वस्त रस्त्यांत पडलेलीं प्रेतें काढलेलीं होतीं. "सर, हें आपल्या शाळेच्या कपाटांतून माझ्या मुलाला मिळालें. तो पांचवींत आहे. चार रात्री झाल्या, दिवा मालवूं देत नाहीं," असें ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेंच मला अधिक संकोच वाटला.

"आपण पुस्तक सगळें वाचलेंत काय?" असें मीं विचारलें.

"नाहीं. हीं दोन पानें पाहिलीं, तेवढ्यानें पुरे झालें. आपण तर वाचलें असेलच ना, सर?"

मीं वाचलें नव्हतें. एका माजी विद्यार्थ्यानें शाळेला दिलेल्या गठ्ठ्यांतून तें आलें, मीं त्यावर शाळेचा शिक्का मारला व कपाटांत ठेवलें, एवढाच काय तो त्याचा व माझा संबंध. हें पुस्तक व त्याच्यासारखीं सर्व पुस्तकें शाळेंतून काढून टाकावीं, अशी त्या गृहस्थांची मागणी होती. पुढें काय झालें तें यथावकाश सांगेन. परंतु ती मागणी ऐकत असतां मला अमेरिकेंतील सत्तर वर्षांपूर्वींची एक हकीकत आठवली. तींत मुलांच्या रक्षणासाठीं झटणारे लोक बहुतेक सज्जन होते. त्यांची काळजी खोटी नव्हती. आणि तरीहि त्यांच्या खटाटोपांतून जें निष्पन्न झालें तें त्यांतील पुष्कळांना नको असलेलेंच होतें.

१९३८ सालीं अमेरिकेंत 'सुपरमॅन' ह्या आकाशगामी वीराची चित्रकथा प्रथम छापली गेली, आणि तेव्हांपासून दहा सेंट किंमतीच्या रंगीत चित्रकथांचा, ज्यांना आपण 'कॉमिक्स' म्हणतों त्यांचा, तेथें पूर आला. दहा सेंट म्हणजे मुलाच्या खाऊचे पैसे. त्यामुळें हें असें वाङ्मय होतें कीं, जें मूल स्वतः निवडी, स्वतः विकत घेई, व आईबापांना न दाखवतां वाची. ही गोष्ट मोठ्या माणसांच्या लक्षांत येण्यास फार वेळ लागला नाहीं. १९४० च्या मे महिन्यांत शिकागो शहरांतील एका दैनिकांत स्टर्लिंग नॉर्थ नांवाच्या लेखकानें ह्या पुस्तकांवर कडक लेख लिहिला, व तो देशभर अनेक ठिकाणीं उद्धृत झाला.

दुसरें महायुद्ध संपल्यावर सुपरमॅनसारख्या वीरांचा खप उतरला, आणि त्यांची जागा गुन्ह्यांच्या व भयाच्या कथांनीं घेतली. ह्या कथा किती वाईट होत्या, हें आज त्यांचे कैवारी विसरतात. सगळ्याच नव्हत, पण पुष्कळ कथा खरोखरच किळसवाण्या होत्या. खून कसा केला, प्रेताची विल्हेवाट कशी लावली, डोळ्यांत सुई कशी खुपसली, हें चित्रकार चवीनें काढीत, आणि असलीं पुस्तकें दुकानांत बाळबोध प्राण्यांच्या गोष्टींच्या शेजारींच टांगलेलीं असत. सात वर्षांचें मूल व सतरा वर्षांचा तरुण ह्यांच्यासाठीं दुकानाचा कप्पा एकच होता. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढची सारी हकीकत तिच्याभोंवतीं फिरते.

१९४८ सालीं ह्या पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. ऑक्टोबरांत वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांतील स्पेन्सर ह्या गांवीं शाळेच्या आवारांत मुलांनींच चित्रकथांचा ढीग रचून तो पेटविला, व डिसेंबरांत न्यूयॉर्क प्रांतांतील बिंगहॅमटन गांवीं एका कॅथॉलिक शाळेंत तसेंच झालें. मुलांनीं घरोघर फिरून शेंकडों पुस्तकें गोळा केलीं होतीं. मिशनची शाळा म्हणून ह्या प्रसंगाकडे आम्हांला तिऱ्हाइताच्या नजरेनें पाहतां येत नाहीं. ज्यांनीं ती होळी मांडली, तीं आमच्यासारखींच माणसें होतीं. मुलांच्या मनाची शुद्धता हेंच त्यांचें ध्येय होतें. परंतु युरोपांत नाझींनीं केलेल्या पुस्तकांच्या होळीला तेव्हां उणींपुरीं पंधरा वर्षेंच झालीं होतीं, आणि विस्तवाभोंवतीं उभ्या असलेल्या मुलांचीं छायाचित्रें पाहून पुष्कळ अमेरिकन लोकांना तीच आठवण झाली.

याच सुमारास डॉ. फ्रेड्रिक वर्थम ह्या मनोविकारतज्ज्ञाचें नांव पुढें आलें. वर्थम यांना आज अनेक जण केवळ चित्रकथांचा वैरी म्हणून ओळखतात, तें मला अन्यायाचें वाटतें. जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें १८९५ सालीं जन्मलेले हे गृहस्थ १९२२ सालीं अमेरिकेस आले. न्यूयॉर्कच्या हार्लेम ह्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तींत १९४६ सालीं त्यांनीं एका चर्चच्या तळघरांत मनोरुग्णांसाठीं दवाखाना उघडला. तेथें फी होती पंचवीस सेंट. गोऱ्या व काळ्या मुलांना वेगळाल्या शाळांत बसविण्यानें मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष त्यांनीं डेलावेअर प्रांतांतील खटल्यांत दिली. त्या व इतर खटल्यांचा एकत्र निकाल १७ मे १९५४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला, व सरकारी शाळांतील वर्णभेद बेकायदेशीर ठरला. गरिबांच्या मुलांविषयीं वर्थम यांना जो कळवळा होता तो सोंगाचा नव्हता.

दवाखान्यांत येणारीं बिघडलेलीं मुलें चित्रकथा वाचतात, असें त्यांना आढळलें. त्यावरून चित्रकथा मुलांना बिघडवितात, असा त्यांनीं निष्कर्ष काढला, आणि १९५४ च्या वसंतांत 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आमच्या नववीच्या वर्गांतील चुणचुणीत मुलगा येथें हात वर करील: न बिघडलेलीं मुलेंहि तींच पुस्तकें वाचीत नव्हतीं काय? वाचीत होतीं. त्या काळीं अमेरिकेंतील बहुतेक सगळींच मुलें वाचीत. परंतु ग्रंथांतील मुलांच्या हकीकती इतक्या हृदयद्रावक होत्या कीं, हा साधा प्रश्न थोड्यांनाच सुचला.

२१ एप्रिल १९५४ रोजीं अमेरिकेच्या सेनेट सभेच्या एका उपसमितीपुढें न्यूयॉर्क येथें चौकशी सुरू झाली. विषय बालगुन्हेगारी. पहिल्याच दिवशीं वर्थम यांची साक्ष झाली, आणि त्याच दिवशीं विल्यम गेन्स ह्या प्रकाशकाची. भयकथांच्या धंद्यांत गेन्स यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. सभासद एस्टीस कीफॉव्हर यांनीं त्यांच्याच एका अंकाचें मुखपृष्ठ उंच धरलें. त्यावर एका हातांत कुऱ्हाड व दुसऱ्या हातांत स्त्रीचें तोडलेलें शिर घेतलेला पुरुष होता. हें सुरुचीला धरून आहे काय, असा प्रश्न झाला. होय, भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानानें आहे, असें गेन्स यांनीं सांगितलें. शिर जरा अधिक उंच धरून मानेंतून रक्त ठिबकतांना दाखविलें असतें तर तें कुरुचीचें झालें असतें, असाहि खुलासा केला. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत हा संवाद छापून आला, आणि खटला कोर्टांत जाण्यापूर्वींच लोकांच्या मनांत निकाल लागला. माझ्या मतें गेन्स यांचें उत्तर वाटतें तितकें मूर्खपणाचें नव्हतें. चित्र काढणारा प्रत्येक जण 'एवढें दाखवीन, याहून अधिक नाहीं' अशी रेघ कोठें तरी ओढीतच असतो. गेन्स यांची चूक रेघेविषयीं नव्हती. तें मुखपृष्ठ दुकानांत कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलें जाणार, ह्याचा विचार त्यांनीं केला नाहीं, ही त्यांची चूक होय.

सरकार कायदा करील ह्या धास्तीनें प्रकाशकांनीं सप्टेंबर १९५४ मध्यें आपला संघ स्थापन केला, व २६ ऑक्टोबरला एक नियमावली मंजूर केली. चार्ल्स मर्फी नांवाचे न्यायाधीश तिच्या अंमलबजावणीवर नेमले गेले. प्रत्येक पान छापण्यापूर्वीं तपासलें जाई, आणि पसंत पडल्यास मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावर संघाची मुद्रा उमटे. मुद्रा नसलेलें पुस्तक छापण्यास बंदी नव्हती. पण घाऊक विक्रेते तें दुकानांत नेईनातसे झाले, म्हणजे परिणाम तोच. नियम वाचून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक गोष्टींत सज्जनाचा जय व गुन्हेगारास शिक्षा झालीच पाहिजे. पोलीस, न्यायाधीश व सरकारी अधिकारी यांच्याविषयीं अनादर वाटेल असें कांहीं दाखवूं नये. पुस्तकाच्या नांवांत 'भय' वा 'दहशत' या अर्थाचे इंग्रजी शब्द येऊं नयेत. चालतीं-फिरतीं प्रेतें, रक्त पिणारे पिशाच्च, नरभक्षक यांना मज्जाव. शक्य तेथें शुद्ध व्याकरण वापरावें, असेंहि एक कलम होतें. भाषाशिक्षक या नात्यानें तेवढ्या एका कलमावर मी आनंदानें सही केली असती! धर्माची किंवा वंशाची टवाळी करूं नये, हें कलम तर कोणासहि मान्य व्हावें असेंच होतें.

मग बिघडलें कोठें? सगळ्या नियमावलींत वयाचा उल्लेख नव्हता. अमुक पुस्तक आठ वर्षांच्या मुलासाठीं, तमुक सोळा वर्षांच्या मुलासाठीं, असा भेद करण्याची सोयच तींत ठेवली नव्हती. मुद्रा एकच; ती असे किंवा नसे. त्यामुळें जें अगदीं लहान मुलास दाखविण्यास योग्य नाहीं तें कोणासच दाखवावयाचें नाहीं, असा सरसकट दंडक झाला. आणि गंमत अशी कीं, वर्थम यांनीं मागितलें होतें तें हें नव्हेच. पंधरा वर्षांखालील मुलांना अशीं पुस्तकें विकण्यास व त्यांच्यापुढें मांडण्यास कायद्यानें बंदी असावी, प्रौढांच्या वाचनाला हात लावूं नये, अशी त्यांची मागणी होती. व्यापाऱ्यांना ती नको होती, कारण त्यांचें गिऱ्हाईक पंधराच्या आंतलेंच होतें. मुलांना दुकानाबाहेर ठेवण्याऐवजीं त्यांनीं पुस्तकेंच लहान करून टाकलीं. गिऱ्हाईक राखलें आणि अब्रूहि राखली.

ह्या सरसकटपणाचा एक मासला सांगतों. गेन्स यांच्याच संस्थेनें १९५३ सालीं 'जजमेंट डे' नांवाची एक गोष्ट छापली होती. एका दूरच्या ग्रहावर केवळ यंत्रमानवांची वस्ती आहे. पृथ्वीवरील मानवांच्या गणराज्यांत त्या ग्रहाला प्रवेश द्यावा कीं नाहीं, हें पाहण्यास एक अंतराळवीर तेथें जातो. तेथें नारिंगी यंत्रमानव व निळे यंत्रमानव आहेत. आंतली रचना दोघांची एकच. भेद काय तो वरच्या पत्र्याच्या रंगाचा. पण निळ्यांना वस्ती वेगळी, काम हलकें, आणि वाहनांत बसण्याची जागा मागची. पाहुणा सर्व पाहतो आणि प्रवेश नाकारून परत फिरतो. आपल्या यानांत बसल्यावर तो डोक्यावरील शिरस्त्राण काढतो, तेव्हां शेवटच्या चित्रांत वाचकाला प्रथमच त्याचा चेहरा दिसतो. तो कृष्णवर्णीय असतो.

ही गोष्ट पुन्हा छापण्यासाठीं नियमावलीच्या कचेरींत गेली, तेव्हां मर्फी यांनीं हरकत घेतली: तो अंतराळवीर काळा नको. गोष्टींत रक्त नाहीं, पिशाच्च नाहीं, व्याकरणहि ठीक. गेन्स यांनीं साफ नकार दिला, व हें कारण वर्तमानपत्रांतून जाहीर करूं असें बजावलें. तेव्हां कोठें ती गोष्ट जशीच्या तशी छापली गेली. तो अंक गेन्स यांच्या संस्थेचें शेवटचें कॉमिक पुस्तक ठरला. ज्या वर्थम यांनीं शाळांतील वर्णभेदाविरुद्ध साक्ष दिली, त्यांच्याच चळवळीच्या पोटीं आलेल्या कचेरींत वर्णभेदाविरुद्धची गोष्ट अडविली गेली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच वर्षांनीं उघड झाली. वर्थम यांचे खासगी कागदपत्र वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत २०१० सालीं अभ्यासकांस खुले झाले. इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरल टिली यांनीं ते तपासून २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, ग्रंथांतील अनेक हकीकतींत फेरफार केलेला आहे. कोठें मुलाचें वय बदललें, कोठें अनेक मुलांचीं बोलणीं एकाच्या तोंडीं घातलीं, तर कोठें घरांतील मारहाण वा वाईट संगत हीं कारणें गाळून चित्रकथेवरच सारा दोष ठेवला. मला ह्या प्रकरणांतील सर्वांत दुःखद भाग हाच वाटतो. हेतु चांगला आहे म्हणून पुराव्याला थोडें वांकविलें तर काय बिघडलें, असें त्या विद्वानास वाटलें असावें. ज्या मुलाच्या घरांत मारहाण होती, त्याच्या हातांतलें पुस्तक काढून घेतल्यानें त्याच्या घरांतलें काय बदललें असतें?

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकन सरकारच्या आरोग्य व शिक्षण खात्याच्याच विनंतीवरून १९७१ सालीं 'स्पायडरमॅन'च्या तीन अंकांत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखविले गेले; संघानें मुद्रा नाकारल्यानें ते मुद्रेविना छापावे लागले, आणि त्याच वर्षीं नियम सैल झाले. २००१ पासून एकेका प्रकाशकानें मुद्रा सोडली व वयाप्रमाणें खुणा छापण्याची पद्धति धरली. २०११ सालीं शेवटच्या दोघांनीं संघाची साथ सोडली, व नियमावली संपली.

त्या चळवळीचे पडसाद आपल्या देशांतहि उमटले होते. इंग्लंडांत १९५५ सालीं भयचित्रकथांविरुद्ध कायदा झाला, व पुढच्याच वर्षीं भारतानें तरुणांस अपायकारक प्रकाशनांविषयीं कायदा केला. त्यांत तरुण म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ति, अशी व्याख्या होती. मात्र आमच्या कायद्याचें एक कलम मला शहाणपणाचें वाटतें. गुन्हा, क्रौर्य वा बीभत्स प्रसंग गोष्टींत आला एवढ्यानें भागत नाहीं. प्रकाशन एकंदरींत पाहतां तरुणास बिघडवील अशा रीतीनें तो रंगविलेला असला पाहिजे. कायदा अशा प्रकारें 'काय' याबरोबर 'कसें' हेंहि विचारतो. हें आवश्यकच होतें. एरव्हीं ज्या 'चांदोबा'च्या अंकाची आमच्या लहानपणीं आम्ही वाट पाहत असूं, त्यांतील विक्रमराजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानांतून चालतो आणि तें प्रेत त्याच्याशीं बोलतें! अमेरिकन नियमावलीच्या कचेरींत आमच्या वेताळाला दारावरच अडविलें असतें. दुःशासनाची छाती फोडणारा भीम, गल्याथाचें शिर उचलणारा दावीद, तबकांत आणलेलें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर, हें सारें आपण मुलांना सांगतोंच. पण तें कोण सांगतें, कोणत्या वयाच्या मुलाला सांगतें, आणि सांगतांना कशावर रेंगाळतें, यावर सर्व अवलंबून आहे.

चित्रपटांच्या बाबतींत आपल्याकडे वयाची रेघ आहे. १९५२ च्या कायद्यांत सर्वांसाठीं व केवळ प्रौढांसाठीं असे दोन वर्ग होते. १९८३ पासून पालकांच्या मार्गदर्शनाखालीं पाहण्याचा मधला वर्ग आला. आणि २०२३ च्या दुरुस्तीनें त्या मधल्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन भाग झाले. मोबाइलवर व घरच्या पडद्यावर येणाऱ्या चित्रपटमालिकांसहि २०२१ च्या नियमांनीं अशाच खुणा लावण्यास सांगितलें आहे. ह्यांतील केवळ प्रौढांची खूण चित्रपटगृहाच्या दारवानाला उद्देशून आहे. सात, तेरा, सोळा ह्या खुणा दारवानासाठीं नाहींत, त्या आईबापांसाठीं आहेत. मीं गेल्या पालकसभेंत ह्या आंकड्यांचा अर्थ विचारला, तेव्हां साठांपैकीं चौघांनीं हात वर केले. घरांत मात्र मोबाइलचें कुलूप मुलेंच उघडून देतात!

आतां त्या पुस्तकाकडे वळतों. मीं त्या गृहस्थांना म्हटलें, "माझ्याकडून चूक झाली. न वाचतां मीं हें मुलाच्या हातीं जाऊं दिलें. आतां न वाचतां काढून टाकलें तर तीच चूक दुसऱ्यांदा होईल. आठ दिवस द्या. आधीं मी वाचतों, मग आपण वाचा." ते जरा नाराजीनेंच कबूल झाले. मीं दोन रात्रींत वाचलें. तीं प्रेतें पाहून माझीहि झोंप उडाली, हें सांगण्यास लाज वाटत नाहीं. मग त्यांनीं नेलें.

आठांच्या ठिकाणीं पंधरा दिवसांनीं ते आले. "सर, मीं दोनदां वाचलें. माझ्या पत्नीनेंहि वाचलें. पुस्तक वाईट नाहीं. युद्ध वाईट आहे, असेंच तें सांगतें. पण ह्याला अजून लवकर आहे," असें म्हणून त्यांनीं तें परत केलें. कोणत्या इयत्तेस द्यावें, यावर आमचा बराच वाद झाला. मी आठवी म्हणत होतों, ते दहावी म्हणत होते. अखेर मुखपृष्ठाच्या आंत पेन्सिलीनें 'इयत्ता नववीपासून' असें लिहिलें, व पुस्तक वरच्या फळीवर गेलें. त्या दिवसापासून गठ्ठ्यांतून आलेलें कोणतेंहि पुस्तक एका शिक्षकानें व एका पालकानें वाचल्याशिवाय कपाटांत ठेवावयाचें नाहीं, असें ठरलें. आजवर एकोणीस झालीं आहेत. बावीस बाकी आहेत, आणि वाचणारे पालक कमी पडत आहेत.

तो मुलगा वडिलांच्या मागें उभा होता. रात्रीं आतां दिवा मालवतो, असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. जातां जातां त्यानें वरच्या फळीकडे पाहिलें, बोटांवर कांहीं मोजलें, आणि विचारलें, "सर, तोंवर तें कोणी दुसरा नेणार नाहीं ना?"